परसवाड्याचा चालता नकाशा

मध्य प्रदेशाच्या नकाशात अगदी दक्षिणेस, गोंदिया व भंडारा या जिल्ह्यांच्या माथ्यावर, बालाघाट जिल्हा बसलेला दिसतो. त्या जिल्ह्याच्या उत्तर भागात घाट चढून गेल्यावर जे पठार लागते, त्यावर परसवाडा हे तहसिलीचे गाव आहे. 'घाटाच्या वरचा' तो बालाघाट, हा नावाचा सरळ अर्थ. परंतु त्याची प्रचीती घ्यावयाची असेल तर जिल्ह्याच्या ठिकाणी न थांबता परसवाड्यापर्यंत यावे. खाली वैनगंगेचे सखल खोरे, धानाच्या बांध्या, तलाव आणि दाट वस्तीची गावे. वर सालवृक्षांचे रान, कोदो-कुटकीची शेते आणि गोंड व बैगा बांधवांचे विखुरलेले टोले. जिल्ह्याचे निम्म्याहून अधिक क्षेत्र आजही वनाखाली आहे.

या उंच प्रदेशाची एक गोष्ट आम्ही दरवर्षी नव्या वर्गास आवर्जून सांगतो. बैहरकडील बंजर नदी उत्तरेस वाहत जाऊन मंडल्याजवळ नर्मदेस मिळते. दुसऱ्या अंगाचे ओढे घाट उतरून वैनगंगेच्या कुशीत शिरतात. म्हणजे एकाच ढगातून पडलेले पाणी, काही अरबी समुद्राच्या वाटेस लागते, तर काही गोदावरीमार्गे बंगालच्या उपसागरास जाते. उंबरठ्यावर उभ्या असलेल्या माणसाला दोन्हीकडची हवा लागते, तसे हे पठार आहे. भाषेच्या बाबतीतही तसेच. येथे बाजारात हिंदी, टोल्यांत गोंडी, खालच्या खोऱ्यात पोवारी आणि काही घरांच्या माजघरात मराठी ऐकू येते.

इंग्रजी अमदानीतील ग्रंथांत परसवाड्याचा उल्लेख सापडतो. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी हे पठार बहुतांशी निर्जन अरण्य होते आणि लछमन नाईक नावाच्या गृहस्थाने येथे पहिली गावे वसविली, अशी ती नोंद आहे. त्याच नोंदीत कोरीव दगडांच्या एका पुरातन मंदिराचाही उल्लेख येतो. म्हणजे ज्याला आपण 'पहिली वस्ती' म्हणतो, तिच्याही आधी येथे कोणी तरी राहून गेले होते.

या मासिकाच्या बहुतेक वाचकांचे पूर्वज कोठून तरी निघून कोठे तरी पोहोचले. तंजावरचे व्यंकोजीराजांच्या काळात गेले, इंदूरचे होळकरांच्या आश्रयाने स्थिरावले, बडोद्याचे गायकवाडांच्या दरबारी राहिले. बालाघाटकडील कित्येक मराठी घरांची कथा याहून निराळी आहे. आमचे आजोबा जन्मले ते मध्य प्रांतात. वडील सरकारी नोकरीस लागले तेव्हा राज्याची राजधानी नागपूर होती. आम्ही शाळेत जाऊ लागलो तेव्हा ती भोपाळ होती. या तिन्ही काळांत आमचे वारासिवनीचे घर मात्र तेच; त्याची चौकटसुद्धा बदललेली नाही. महाराष्ट्राबाहेर राहणारे मराठी कुटुंब म्हणून आमची गणना होते खरी, परंतु बाहेर पडण्यासाठी आमच्या घरातील कोणी एक पाऊलही उचललेले नाही. हे शब्दांनी सांगितले की ऐकणारा मान डोलावतो आणि विसरतो. मागील हिवाळ्यात हीच गोष्ट आम्ही एका पडद्यावर, डोळ्यांसमोर घडताना पाहिली. ती दाखविणारी आमचीच एक विद्यार्थिनी होती.

या मुलीचे नाव येथे देण्याचे प्रयोजन नाही. परसवाड्यापासून काही कोसांवरील एका टोल्यातल्या गोंड कुटुंबात ती वाढली, आमच्या शाळेतून बारावी झाली आणि आता बालाघाटच्या महाविद्यालयात भूगोल विषय घेऊन शिकत आहे. आठवीत असताना तिने भिंतीवरील तहसिलीच्या नकाशापुढे उभे राहून विचारले होते, "सर, यात आमचा टोला कुठे आहे?" टोला त्यात नव्हता. जनगणनेत मोजणी होते ती राजस्व गावाची. टोले त्या गावाच्या पोटात धरले जातात आणि बहुधा नकाशावर येत नाहीत. आम्ही तिला तसे समजावून सांगितले. तिला कारण पटले, समाधान मात्र झाले नाही. विद्यार्थ्याचे असे असमाधान शिक्षकाने जपून ठेवावे, असे आमचे मत आहे.

महाविद्यालयात गेल्यावर तिने संगणकावर नकाशे करण्याची विद्या शिकण्यास प्रारंभ केला. नागपुरास नोकरी करणाऱ्या भावाने आपला जुना लॅपटॉप तिला दिला. डेहराडूनच्या भारतीय सुदूर संवेदन संस्थेचे निःशुल्क दूरस्थ पाठ तिने ऐकले. आयआयटी मुंबईच्या 'स्पोकन ट्यूटोरियल' उपक्रमातील धडे उतरवून घेतले. क्यूजीआयएस ही तिची मुख्य आज्ञावली. गॅरी शर्मन यांनी २००२ साली तिचा आरंभ केला व आज जगभरचे लोक ती फुकट वापरतात, फुकट सुधारतात. परसवाड्यात वीज जाते, मोबाइलचा संकेतही मधूनमधून रुसतो. परंतु ही आज्ञावली एकदा उतरवून घेतली की आंतरजालावाचूनही चालते, ही मोठीच सोय.

वाचकांपैकी ज्यांना या विद्येचा परिचय नसेल त्यांच्यासाठी तिचे मर्म थोडक्यात सांगतो. कागदावरील नकाशा म्हणजे चित्र; संगणकावरील नकाशा म्हणजे चित्र आणि त्यामागे एक तक्ता. गाव हा बिंदू, नदी ही रेषा, जिल्हा हे क्षेत्र. आणि अशा प्रत्येक आकृतीस तक्त्यात एकेक ओळ. त्या ओळीत नाव, लोकसंख्या, स्थापनेचे वर्ष, जे हवे ते लिहिता येते. पडद्यावरील बिंदूवर बोट ठेवले की त्याची ओळ उघडून समोर येते. वाचकाने विचारावे आणि नकाशाने उत्तर द्यावे, असा हा संवादी नकाशा. असे नकाशे आंतरजालावर मांडण्यासाठी कीव्ह शहरातील व्लादिमीर आगाफोंकिन यांनी २०११ साली 'लीफलेट' नावाचे एक हलके साधन करून दिले. आमच्या विद्यार्थिनीने तेच वापरले.

जुना कागदी नकाशा या तक्त्याशी जुळवावयाचा तर त्यावरील काही ओळखीच्या खुणा निवडाव्या लागतात. नद्यांचा संगम, डोंगराचे शिखर, जुना पूल. त्या खुणांचे आजचे अक्षांश-रेखांश संगणकास दिले की तो जुना कागद ताणून, वळवून आजच्या भूमीवर बसवितो. हे काम तिने फार चिकाटीने केले. नकाशाचा पाया मोजणीत असतो, हे तिला त्यातूनच उमजले. आपल्या प्रदेशास त्या मोजणीची स्मृती आहे. १८०२ साली मद्रासेजवळून भारताची महान त्रिकोणमितीय मोजणी आरंभणारे विल्यम लॅम्बटन १८२३ साली वर्धेकडील हिंगणघाटास वारले. त्यांची समाधी तेथेच आहे. पुढे पुष्कळ वर्षे सविस्तर नकाशे सामान्य माणसाच्या हाती सहजी येत नसत. २०२१ च्या फेब्रुवारीत केंद्र सरकारने नकाशांविषयीचे नियम पुष्कळ सैल केले. त्याआधी २०२० मध्ये जाहीर झालेल्या स्वामित्व योजनेत गावठाणांची मोजणी ड्रोनने करण्यास आपल्या राज्यातही प्रारंभ झाला होता. ज्या गावांत घरांच्या कडेने चुन्याच्या पांढऱ्या रेषा ओढल्या गेल्या, तेथील आयाबायांनाही नकाशा ही आता परकी वस्तू राहिलेली नाही.

संवादी नकाशानंतर तिने चालता नकाशा करावयास घेतला. विषय निवडला तो आपल्या जिल्ह्याच्या सीमांचा. तक्त्यात तिने प्रत्येक आकृतीस दोन नवे रकाने जोडले. एक 'आरंभ' आणि दुसरा 'शेवट'. कोणते क्षेत्र कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत कोणाकडे होते, हे त्यात भरले. मग पडद्याखालची काळाची पट्टी सरकवावी आणि नकाशाने वर्षामागून वर्ष चालत यावे.

त्या पट्टीवरील टप्पे वाचकांनीही एकदा मनाशी उजळावेत. १८५४ साली नागपूरकर भोसल्यांचे राज्य इंग्रजांनी खालसा केले. १८६१ साली नागपूर प्रांत आणि सागर-नर्मदा प्रदेश जोडून मध्य प्रांत झाला. १८६७ पासून भंडारा, मंडला व शिवनी या जिल्ह्यांचे तुकडे एकत्र करून बालाघाट जिल्हा घडविण्यात आला. त्याच्या मुख्य ठिकाणाचे तेव्हाचे नाव बुढा असे होते. १९०३ साली वऱ्हाड मध्य प्रांताच्या कारभारास जोडला गेला. १९५० साली या प्रदेशास मध्य प्रदेश हे नाव मिळाले, राजधानी नागपूरच राहिली. १ नोव्हेंबर १९५६ रोजी नागपूर, वर्धा, भंडारा, चांदा, बुलढाणा, अकोला, अमरावती व यवतमाळ हे आठ मराठी जिल्हे मुंबई राज्यात गेले, बालाघाट मध्य प्रदेशात राहिले, राजधानी भोपाळला व उच्च न्यायालय जबलपूरला गेले. १ मे १९६० रोजी महाराष्ट्र झाला. १९९९ मध्ये भंडाऱ्यातून गोंदिया जिल्हा निघाला आणि १ नोव्हेंबर २००० रोजी आमच्या पूर्वेस छत्तीसगड राज्य उभे राहिले.

हिवाळ्यातील एका रविवारी शाळेच्या दालनात पांढरी चादर टांगून तिने हा नकाशा गावकऱ्यांस दाखविला. शिक्षक होते, मुले होती, निवृत्त पटवारी होते, तिच्या टोल्यातील मंडळी होती, आणि पुढच्या रांगेत एक वृद्ध कोतवार बसले होते. रंग सुंदर होते, गती मोहक होती. १९५६ चे वर्ष येताच मध्य प्रदेशाची दक्षिण सीमा चांद्याकडून हळूहळू वर सरकू लागली, वर्धा ओलांडून, नागपुरावरून वाहत येऊन बालाघाटच्या पायथ्याशी थांबली. मुलांनी टाळ्या वाजविल्या.

कोतवारांनी हात वर केला. "बेटी, रेषा नागपुरावरून चालली होती ना, त्या वेळी नागपूर कोणाचे होते?"

दालनात शांतता पसरली. मुलीने पट्टी मागे नेली, पुन्हा चालविली, पुन्हा थांबविली. रेषा नागपूर शहराच्या मधोमध उभी होती. अर्धे नागपूर इकडे, अर्धे तिकडे. असा दिवस इतिहासात कधी उगवलाच नव्हता. ३१ ऑक्टोबर १९५६ च्या रात्री नागपूर मध्य प्रदेशात होते आणि दुसऱ्या दिवशी ते मुंबई राज्यात होते. मधली स्थिती अशी काही नव्हती.

ती मधली चित्रे आली कोठून? ती संगणकाने भरली होती. अशा चित्रमालेसाठी करणारा दोन प्रसंग ठरवून देतो, आधीचा व नंतरचा. मधली अंतरे आज्ञावली गणिताने जुळवून टाकते. पाहणाऱ्याच्या डोळ्यास झटका बसू नये, हा त्यामागचा हेतू. परंतु त्या दिवशी आठ जिल्ह्यांतील आणि आमच्या जिल्ह्यातील माणसांस झटका बसलाच होता. तो झटका पुसून टाकला की नकाशा देखणा होतो आणि खोटा होतो.

कोतवारांचा प्रश्न तिने मनावर घेतला. पुढील कित्येक आठवडे ती एकाच गोष्टीचा विचार करीत होती: कोणती गोष्ट हळूहळू बदलते आणि कोणती एका क्षणात? चालत्या नकाशांच्या इतिहासात अमेरिकन भूगोलज्ञ वाल्डो टोबलर यांचे नाव अग्रभागी येते. त्यांनी १९७० साली डेट्रॉइट परिसराच्या वाढीचे संगणकीय चलच्चित्र केले. शहर घराघराने वाढते, म्हणून तेथे सावकाश सरकणारे चित्र शोभते. त्याच लेखात त्यांनी एक सिद्धांतही मांडला की सर्वच गोष्टींचा परस्परांशी संबंध असतो, परंतु जवळच्यांचा दूरच्यांहून अधिक. आम्हांस हा सिद्धांत वाचताना गोंदिया आठवले. बालाघाटाहून रेल्वेने सुमारे ४० किलोमीटरवर असलेले ते गाव आमच्या सोयरिकींचे, दवाखान्याचे आणि बाजाराचे. कागदोपत्री मात्र परराज्यातले.

तिने मग बदलांचे दोन वर्ग पाडले. शासनाच्या आज्ञेने झालेला बदल नकाशात त्याच तारखेस, एकदम व्हावा; मध्ये काही सरकू नये. रान, वस्ती, रस्ता यांचा बदल सावकाश व्हावा. परंतु जेवढ्या वर्षांचा पुरावा हाती आहे तेवढ्याच वर्षांची रेषा सलग, आणि दोन पुराव्यांमधील अंतर तुटक रेषेने दाखवावे. पाहणाऱ्याने पाहताक्षणीच ओळखावे की येथे माहिती आहे आणि येथे केवळ अदमास आहे. कान्ह्याच्या रानाने तिची कसोटीच पाहिली. १९३३ साली अभयारण्य, १९५५ साली राष्ट्रीय उद्यान, १९७३ साली व्याघ्र प्रकल्प. या तारखा एकेका दिवसाच्या. परंतु त्या रानातील गावे उठली ती अनेक वर्षांत, एकामागून एक. एकाच भूमीवर दोन प्रकारचे काळ चालू असतात, हे तिने आम्हांस दाखवून दिले.

या नव्या मांडणीत १९५६ चे दृश्य पुन्हा पाहिले तेव्हा एक बारीक गोष्ट लक्षात आली. भंडारा आणि बालाघाट यांच्यामधील रेषा १९५६ साली नव्याने आखलीच गेली नव्हती! दोन शेजारी जिल्ह्यांमधील साधी रेषा म्हणून ती आधीपासूनच तेथे होती. त्या दिवशी ती फक्त जाड झाली. तोवर एका घराच्या दोन खोल्यांमधला जो पडदा होता, त्याची रातोरात भिंत झाली. आमच्या वडिलांनी हा दिवस पाहिला होता. तो नकाशात एवढ्या थोडक्यात मांडता येईल, असे मात्र आम्हांस कधी वाटले नव्हते.

सीमांनंतर प्रश्न आला नावांचा. परसवाडा हे नाव मराठीत 'ड' ने लिहिले जाते, हिंदीत खाली टिंब दिलेल्या 'ड'ने. इंग्रज लेखकांनी तो उच्चार ऐकून 'परसवारा' असे लिहिले. माणसास ही तिन्ही नावे एकच वाटतात. संगणक मात्र तिन्ही स्वतंत्र गावे समजून बसतो. त्यावरचा उपाय तिने 'ओपन स्ट्रीट मॅप' या लोकांनी मिळून केलेल्या जागतिक नकाशापासून घेतला. २००४ साली स्टीव्ह कोस्ट यांनी त्याचा आरंभ केला. त्यात एकाच स्थळाची निरनिराळ्या भाषांतील नावे शेजारी शेजारी ठेवण्याची सोय आहे. तिने तक्त्यात हिंदी, मराठी आणि गोंडी असे तीन रकाने केले. मराठीचा रकाना भरण्यास तिने आम्हांस बसविले. गोंडीचा रकाना भरण्यासाठी ती टोल्याटोल्यांतून फिरली. कोणा आजीने ओढ्याचे नाव सांगितले, कोणी टेकडीचे, कोणी पूर्वी जेथे मोहाचे मोठे झाड होते त्या जागेचे. आठवडाभराच्या फिरतीनंतर ती आम्हांस म्हणाली, "सर, जमीन तीच आहे, पण माझ्या वहीत ती तिप्पट झाली."

काही स्थळे मात्र तिने नकाशावर आणली नाहीत. देवस्थानाची एक राई आणि औषधी मुळ्यांच्या काही जागा दाखविण्यास वडीलधाऱ्यांनी नकार दिला. बोट ठेवताच उत्तर देणारा नकाशा कोणाच्याही बोटास उत्तर देतो. मुळी उपटून नेणाऱ्याच्याही. तिने वाद घातला नाही. तेथे साधे रान रंगविले. माहीत असूनही न लिहिणे हाही नकाशाकाराच्या शिक्षणाचा एक धडा आहे, आणि तो तिला कोणत्याही संस्थेच्या पाठात मिळाला नव्हता.

वाचकहो, आपण इंदुरास असा, हैदराबादेस असा की तंजावरास, आपल्या घरातही अशा पुष्कळ गोष्टी असतील की ज्या कोणत्याही छापील नकाशावर नाहीत: आजीने सांगितलेले गल्लीचे जुने नाव, पणजोबा ज्या वाड्यात प्रथम उतरले तो वाडा, ज्या तारखेस आपले संस्थान विलीन झाले ती तारीख. त्या लिहून ठेवण्यास संगणकाचीही आवश्यकता नाही. एक वही पुरे. फक्त तीत दोन गोष्टी कटाक्षाने पाळाव्यात. जे माहीत आहे त्यापुढे तारीख आणि सांगणाऱ्याचे नाव लिहावे. आणि जे माहीत नाही ते सुबक कल्पनेने न भरता तेथे तुटक रेघ ओढावी. पुढच्या पिढीतील कोणी कोतवार हात वर करील तेव्हा आपणांस उत्तर देता आले पाहिजे.

आमच्या विद्यार्थिनीच्या नकाशात आज परसवाड्याच्या आजूबाजूचे बरेच टोले आले आहेत. तिचा स्वतःचा टोलाही त्यात एका लहानशा बिंदूच्या रूपाने आहे. त्यावर बोट ठेवले की तीन भाषांतील त्याचे नाव उमटते. खालच्या ओळीत 'आरंभ' या रकान्यात तिला मिळालेल्या सर्वांत जुन्या कागदाचे वर्ष आहे आणि त्याच्या अलीकडे एक तुटक रेघ. 'शेवट' हा रकाना तिने रिकामा ठेवला आहे. तिच्या आज्ञावलीत त्या रिकाम्या जागेचा अर्थ एवढाच होतो की, ही वस्ती अद्याप आहे.